त्रिशलाचे एक्क्याऐंशी आणि माझे सात

त्रिशलाचा आकडा एक्क्याऐंशी आला आणि माझा सात.

शंभरपैकी सात! मी, शर्वरी इंगवले, डेअरी टेक्नॉलॉजीची सुवर्णपदकवाली. टँकरमधल्या दुधाचा नुसता वास घेऊन ते पास की नापास हे ठरवण्याचा सरकारी परवाना असलेली, पंचधारा दूध संघातली सकाळच्या पाळीची एकुलती एक परीक्षक. आणि त्रिशला मगदूम डिप्लोमावाली, प्रयोगशाळेतली माझी सहायक. राजारामपुरीतल्या सलोनी शहापुरेच्या ऑफिसात आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो होतो आणि आमचे आकडे समोरच्या पडद्यावर एकदमच उमटले.

त्रिशलानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "काय तरी चुकलंय बघ मशीनचं," ती म्हणाली.

मला तो हात झटकून टाकावासा वाटला. पण सभ्य माणसं झटकत नाहीत, म्हणून मी पर्स उचलायचं निमित्त करून गुडघा बाजूला घेतला.

आठ महिन्यांपूर्वी संघानं आमची प्रयोगशाळा बंद केली होती. टँकरच्या झाकणातच आता इलेक्ट्रॉनिक नाक बसवलेलं असतं. दूध गावातून निघायच्या आधीच त्याचा निकाल लागतो. या आठ महिन्यांत मी एकशे चाळीस अर्ज केले होते. पदक, परवाना, अनुभव, सगळं व्यवस्थित मांडून. उत्तरं आली तीन, तिन्ही नकाराची. सलोनीचा पत्ता त्रिशलानंच काढला. ही बाई आधी साबण विकायची, आता माणसं विकते असं कळल्यावर मी नाक मुरडलं होतं. त्रिशला म्हणाली, "जाऊन तर बघू की. मी येतो संगं." आमच्याकडच्या बायका 'मी येतो' म्हणतात. मी पुण्याला शिकले, म्हणून 'येते' म्हणते. एवढा फरक मी संघातल्या नोकरीत अकरा वर्षं जपला होता.

"मॅडम, साबणाच्या वेष्टनावर कारखान्याचा इतिहास छापलेला बघितलाय कधी?" माझा अर्ज वाचून सलोनी पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "नोकरी देणारा हा गिऱ्हाईक. तुम्हाला काय येतं याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. तुम्ही नसलात तर त्याचं काय अडेल, तेवढं सांगा."

"ते कसं कळणार?"

"जाहिरातीचं कळतं तसंच. जाहिरात चालू आहे आणि साबण खपतोय. पण तो जाहिरातीमुळेच खपतोय कशावरून? मग आम्ही काय करायचो, सांगलीत जाहिरात चालू ठेवायची आणि मिरजेत महिनाभर बंद. मिरजेत खप पडला तर जाहिरात कामाची. नाही पडला तर तिचा उपयोग शून्य."

माणसाच्या बाबतीत ही बंद ठेवायची चाचणी आपोआप होतच असते. तिला आपण रजा म्हणतो. कुठल्याही कामाच्या जागी दिवसाला हजारो खुणा उमटतात: टँकर फाटकात किती वाजता आला, किती वेळ ताटकळला, कुठली चाचणी पुन्हा करावी लागली, कुणी कुणाला किती फोन केले. आपल्या कामाच्या या खुणा मागून घेण्याचा हक्क नव्या कायद्यानं कामगाराला दिला. सलोनीचं यंत्र त्या खुणा घेतं, तुमच्या रजेचा एकेक दिवस उचलतं आणि त्याच्यासारखेच साधे दिवस शोधतं. वार तोच, हंगाम तोच, टँकर तितकेच. फरक फक्त तुमच्या असण्यानसण्याचा. असे शेकडो दिवस ताडून पाहिले की योगायोग गळून पडतात आणि खाली उरतो तुमचा उणीव-अंक. तुम्ही नसता तेव्हा जे बिघडतं, त्याचं माप.

हिशेब मला पटला होता. अगदी विज्ञानाला धरून वाटला होता. माझ्याशिवाय पंचधाराचं फाटकसुद्धा हललं नसणार, याची मला पक्की खात्री होती. आणि माझे आले सात.

सलोनीनं त्रिशलाची जाहिरात केली. शंभर ठिकाणी अर्ज पाठवायचे नाहीत, असं तिचं तंत्र. बारा कंपन्या निवडल्या, प्रत्येकीचं काय दुखतंय ते शोधलं, दोन वेगवेगळे मजकूर बनवले, सहा-सहा ठिकाणी पाठवले आणि जो जास्त उघडला गेला तोच पुढे रेटला. अर्ध्या मिनिटाची चित्रफीत होती. फाटकाबाहेर टँकरांची रांग, चिडलेले ड्रायव्हर, आणि खाली एकच ओळ: 'त्या दिवशी त्रिशला मगदूम रजेवर होत्या.'

मी ती चित्रफीत किती वेळा पाहिली ते सांगायची मला लाज वाटते. त्या रांगेचा दिवस मला आठवत होता. त्रिशलाच्या नणंदेचं लग्न होतं. मी प्रयोगशाळेतच होते. फोन वाजत होते आणि मी ते उचलत नव्हते, कारण फोन उचलणं हे परीक्षकाचं काम नव्हे. म्हणजे तिच्या जाहिरातीत ज्या बिघाडाचं कौतुक चाललं होतं, तो घडताना मी तिथंच खुर्चीत बसून होते.

तिला आठवड्यात सहा बोलावणी आली. तिनं स्वतः सांगितली चार. उरलेली दोन मी तिच्या फोनवर डोळा ठेवून मोजली. मग आलं कागलच्या 'अधेनू'चं बोलावणं. ही कंपनी गाईवाचून दूध बनवते. दुधातली प्रथिनं यीस्टकडून मोठ्या टाक्यांत तयार करून घ्यायची, त्यात स्निग्धांश आणि साखर मिसळायची. इलेक्ट्रॉनिक नाकं तिथं कुचकामी ठरतात, कारण ती शिकलीत गाई-म्हशींच्या दुधावर. तिथं माणसाचंच नाक लागतं. मला नाकाची जागा हवी होती, आणि माझ्या माहितीत अशी जागा सगळ्या जिल्ह्यात ती एकच होती: गुणवत्ता प्रमुख, प्रयोगशाळेत स्वतंत्र केबिन. मीही अर्ज केला होता. अंक सात पाहून त्यांनी पोचसुद्धा दिली नाही.

"त्यांनी मला घेतलं, शर्वरी," त्रिशलानं फोन करून सांगितलं. "तुला म्हणून आधी सांगालोय."

मी अभिनंदन केलं. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि भांड्यांचा एवढा आवाज केला की शेजारच्या काकू डोकावल्या.

दुसऱ्याच दिवशी मी सलोनीकडे माझ्या आकड्याचा तपशील मागितला. रजेचा एकेक दिवस, खुणांसकट. तीन दिवस जेवणाचं टेबल अडवून मी ते वाचत होते. चौथ्या दिवशी दुपारी मला ते सापडलं.

आई मिरजेला दवाखान्यात होती तेव्हा मी सलग सात आठवडे रजेवर होते. रोज त्रिशलाला फोन करायचे. ती म्हणायची, "इथलं काय अडलेलं नाही, तू आईंच्याकडं बघ." मला तेव्हासुद्धा ते बोचलं होतं. काहीच कसं अडत नाही? आता त्याचं उत्तर समोर होतं. त्या सात आठवड्यांत सकाळचे टँकर पास झाले होते ते माझ्या नावानं. माझ्या पासवर्डनं. पुढच्या-मागच्या रजांमध्येही तेच. एकूण दोनशे बारा टँकर.

यंत्राला वाटलं, बाई घरून काम करतात. वास घरून घेता येत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पासवर्ड मीच दिला होता. दिला म्हणजे काय, नमुन्यांच्या फ्रिजच्या दारावर चिकटवला होता. आमच्याकडे पासवर्ड म्हणजे सामाईक कपाटाची किल्ली. लपवून ठेवणाराच शिष्ट ठरतो. माझ्या शिफ्टमध्ये कुणी मधेच अडून बसू नये, एवढ्यासाठी तो तिथं होता. त्रिशलानं त्याचा असा वापर केला असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. आणि मला संताप आला, तो हिनं वापरला म्हणून नाही. मी नसताना माझी जागा रिकामी दिसायला हवी होती, ती हिनं दिसू दिली नाही म्हणून.

"हरकत घेता येईल," सलोनी म्हणाली. "ते दिवस तुमच्या नावावरून काढून ज्या हातांनी काम केलं त्यांच्या नावावर टाकायचे. मग आकडा नव्यानं निघेल. माझ्या अंदाजानं साठच्या वर जाल."

"आणि तिचं?"

तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "विनापरवाना दूध पास केलं म्हणून परवाना कार्यालयाला आपोआप खबर जाते. अधेनू तिची नेमणूक थांबवेल. मॅडम, हरकत एकदा गेली की मागे घेता येत नाही. घरी जाऊन विचार करा."

विचार कसला करायचा? न्यायाचा, नियमाचा, ग्राहकांच्या आरोग्याचा विचार केला, असं मी इथं लिहू शकले असते. पण तो खोटेपणा होईल. माझ्या डोळ्यांसमोर फक्त त्रिशला होती, अधेनूच्या केबिनमध्ये, दारावर तिच्या नावाची पाटी. मी तिथंच बसून हरकतीवर अंगठा टेकवला.

निकाल पाच दिवसांनी आला. सलोनीनं फोनवर सांगितला नाही, समोर बसवून दाखवला. यंत्राच्या हातात आता एक नवीनच गोष्ट आली होती: एकाच प्रयोगशाळेत, एकाच रस्त्यानं आलेल्या दुधावर चाललेली दोन नाकं. दोघींनी पास केलेल्या दुधाचं पुढे काय झालं ते त्यानं शोधलं. कुठल्या पिशव्या नासल्या, कुठले क्रेट परत आले. मी पास केलेल्या दर शंभर टँकरांत दोनांचं दूध पुढे नासलं होतं. त्रिशलाच्या दोनशे बारांत एकाचंही नाही.

माझा नवा उणीव-अंक होता उणे चार.

"उणे म्हणजे?" मला कळलं होतं, तरी मी विचारलं.

"म्हणजे तुम्ही रजेवर असलात की काम थोडं बरं होतं," सलोनी हळूच म्हणाली.

दोनशे बारा हा नमुना फार लहान आहे, असं मी तिला ठणकावलं. एवढ्यावरून निष्कर्ष काढणं म्हणजे अडाणीपणा आहे, असंही म्हणाले. तिनं पडदा बंद केला.

रविवारी दुपारी त्रिशला माझ्या घरी आली. हातात परवाना कार्यालयाची नोटीस होती. अधेनूनं तिला प्रकरण मिटवायला पंधरा दिवसांची मुदत दिली होती.

"मशीननं कसं हुडकून काढलं कुणास ठाऊक," ती सोफ्यावर टेकत म्हणाली. "तुला तर काय त्रास नाही न्हवं झाला? तुझं नाव आहे त्यात, म्हणून आधी तुझ्याकडं आलो."

खोटं बोलणं सोपं होतं. तिनंच ते माझ्या तोंडात घालून दिलं होतं.

"मशीननं नाही. हरकत मी घेतली," मी म्हणाले.

तिनं नोटिशीची घडी घातली. मग म्हणाली, "सांगायचंस की मला. मी सोडली असती ती जागा."

यावर मी भडकले. "तुझ्या सोडण्यानं मला ती मिळाली असती का? उणे चार आलेत माझे! मला जळायला झालं, त्रिशला. तुझी ती चित्रफीत, ती सहा बोलावणी. आणि वर तुझं नाक माझ्यापेक्षा चांगलं! कुठं शिकलीस? मी तर तुला कधी एक अक्षर सांगितलं नाही."

"नाही सांगितलंस," ती म्हणाली. "तुझ्या तोंडाकडं बघून शिकलो."

"काय?"

"टँकरचं झाकण उघडलं की तू वास घ्यायचीस आणि तोंड करायचीस. तुला ठाऊक नाही, पण प्रत्येक वासाचं तोंड वेगळं. मुरवलेल्या चाऱ्याचा, मुरघासाचा वास आला की डावी नाकपुडी वर जायची. आंबूस असलं की ओठ आत. खवट असलं की हनुवटी मागं. आणि दूध एकदम चांगलं असलं की डोळे मिटायचीस, इतकुसं." तिनं ती तोंडं करून दाखवली. एकामागून एक. माझा चेहरा तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच पाहिला. "तू गेलीस की मी त्याच टँकरचा वास घ्यायचो आणि तुझं तोंड आठवायचो. तीन वर्षं लागली जुळवायला."

"आणि नासलं कसं नाही एकही?"

"तू एकदा वास घेतीस. मी चारदा घ्यायचो, भीतीनं. नाव तुझं होतं न्हवं. तुझ्या नावाला बट्टा लागला असता तर?"

अकरा वर्षं मी समजत होते की त्या प्रयोगशाळेत माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

नियमांत एक वाट होती. परवानाधारकाच्या हाताखाली शिकाऊ म्हणून दोनशे टँकर तपासले की त्या माणसालाही परवाना मिळतो. शिकाऊची नोंद आधी करायची असते. उशिरा केली तरी चालते, पण मग चूक परवानाधारकाची धरतात आणि त्याचा परवाना वर्षभर स्थगित होतो. त्रिशलाला हे माहीत होतं. तिनं ते माझ्याकडे मागितलं नाही. नोटीस पिशवीत ठेवून, चपला घालून, "मी येतो गं" म्हणत ती पायऱ्या उतरून गेली.

सोमवारी सकाळी मी तिच्या शिकाऊ नोंदीचा अर्ज भरला. मन मोठं होऊन भरला असंही नाही. भरताना तिच्या नावापुढे 'गुणवत्ता प्रमुख' असं लिहायचं होतं, तिथं हात अडखळलाच. शेवटचा रकाना होता, 'शिकवण्याची पद्धत.' मी लिहिलं: 'परीक्षकाच्या चेहऱ्याचे निरीक्षण.' खिडकीतल्या कारकुनानं ते दोनदा वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शिक्का मारला.

सलोनी म्हणाली, तिच्या यंत्रातली ही खोट तिला माहीत आहे. ज्याचं काम दुसऱ्यानं उचललं, त्याची उणीव मोजता येत नाही. तो नसला तरी काही बिघडत नाही, कारण तो दुसऱ्याच्या हातात शिल्लक असतो. मला बरं वाटावं म्हणून ती हे सांगत होती. मला फारसं बरं वाटलं नाही. मी त्रिशलाला शिकवलं नव्हतं. तिनं ते माझ्यातून काढून घेतलं होतं.

त्रिशला अधेनूत रुजू झाली. तिनं पांढऱ्या कोटातला फोटो पाठवला, मी अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. तो फोटो मोठा करून तिच्या मागची केबिन पाहिली. हेवा काही सरला नव्हता. माझा परवाना कपाटात पडून होता आणि माझं नाक घरातल्या दुधावर चालत होतं.

दीड महिन्यानं एका दुपारी तिचा फोन आला.

"शर्वरी, मोकळी आहेस काय? कागलला ये."

"कशाला?"

"पाच नंबरच्या टाकीतनं एक वास यायलाय. चारदा घेतला, दहादा घेतला. चांगला म्हणू की वाईट, कळंना झालंय. उद्या माल बाहेर जायचाय. ह्या वासाचं तुझं तोंड माझ्याकडं नाही गं."

"माझा परवाना स्थगित आहे," मी म्हणाले.

"सही मी करतो. तू नुसता वास घे."

मी साडी बदलली आणि निघाले. कागलच्या फाटकावर त्रिशला पाहुण्यांचा पास घेऊन उभी होती. केबिनच्या दारावर पाटी होती, पितळेची, अगदी मी कल्पिली होती तशीच. मी पाटीवरून नजर काढली आणि आत गेले.

टेबलावर एक बाटली होती. मी झाकण काढलं आणि नाक जवळ नेलं. असा वास मी आयुष्यात घेतला नव्हता. त्यात गाय नव्हती, गोठा नव्हता, चारा नव्हता. पहिल्यांदा नवं कापड वाटलं, मग त्याच्याखालून काहीतरी ओलसर, किंचित कडवट. मी डोळे मिटले, उघडले, पुन्हा वास घेतला. या वेळी मीही चारदा घेतला.

शेवटी मान वर केली. त्रिशला हातात पेन घेऊन उभी होती. बाटलीकडे तिचं लक्षच नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.